उजव्या गालावरची पाण्याची चाल

आधी माझी चूक सांगतो, मग अनुभव. उलट क्रमाने सांगितलं तर तुम्ही अनुभवातच रमाल आणि चूक तशीच सुटून जाईल. ती सुटू नये म्हणूनच तर लिहायला बसलोय.

मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाचा वास घेतला. चारचौघांत. लग्नघरच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन उभ्या होत्या, पूर्ण बँड उभा होता, आणि मी नाक पुढे करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं हुंगलं.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो. वाचतो आणि मनात म्हणतो — अर्थिंग तपासा! लाइट आपोआप लागला म्हणे... वायरिंग बघा. मी देव मानतो, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही. पण चकवा, हडळ, चिंचेवरची बाई वगैरे कधीच मानलं नाही. माझा धंदाच तसा आहे. दातांच्या आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यांना लागणारी यंत्रं मी पोचवतो, बसवतो, दुरुस्त करतो. जे मीटरवर दिसत नाही ते नाही, हा माझा साधा हिशोब. पण माझ्या बाबतीत जे झालं ते मीटरवरच दिसलं. तिथेच तर सगळी पंचाईत झाली.

आमचं मूळ घर वटार गावात. मी विरार पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहतो. दादा — पास्कल — वटारच्या घरात राहून वाडी बघतो. केळी, थोडी भाजी, कडेने माड. वडिलांनी गावात बँड उभा केला होता. ते गेल्यावर बँड दादाकडे आला. तो क्लॅरिनेट वाजवतो, मी साइड ड्रम. (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून बोलणी साध्या मराठीत लिहितोय.)

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि आंघोळीसाठी पाणी आणतात. पुढे बँड, मागे नटूनथटून बायका. त्या वेळी वाजवायची एक चाल बाबांनी बसवलेली आहे. तिला आम्ही पाण्याची चाल म्हणतो. पहिली घागर भरून वर आली की क्लॅरिनेटचा पहिला सूर आणि माझ्या ड्रमचा रोल एकदमच सुटतात, मग सगळा बँड. या चालीत तिसऱ्या ओळीच्या मध्येच एक खाच आहे. दादाला लहानपणी दमा होता. तिथे त्याचा श्वास संपायचा. बाबा म्हणाले, "घे तू श्वास, आम्ही थांबतो." पुढे दमा गेला, खाच राहिली. आजही तिथे सगळा बँड अर्धा ठोका थांबतो. बाहेरचा कोणी वाजवायला आला की हमखास तिथे आपटतो.

आणि माझा रोल कसा सुटतो माहीत आहे? दादाच्या गालाकडे बघून. सूर धरायच्या आधी त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यावरचा जाड स्नायू एकदा फुगतो. तुम्ही दात आवळून कानाच्या खाली बोट लावा, लगेच कळेल कुठला ते. आयुष्यभर मी तो उजवा गाल बघत आलोय. जबड्याचा ताण ओळखायचं पहिलं यंत्र म्हणजे मीच!

आता तो दिवस. आमच्या चुलतभावाच्या घरचं लग्न. घागर वर आली, मी काठ्या उचलल्या, दादाचा गाल फुगला आणि मी रोल सोडला.

पण सूर आलाच नाही. मी एकटाच धडधडधड वाजवत सुटलो. बाया हसल्या. कोणीतरी शिट्टी मारली. मी थांबलो, पुन्हा गालाकडे बघितलं, गाल पुन्हा फुगला, मी पुन्हा सोडला — पुन्हा चुकला! मग क्लॅरिनेट आलं ते चिरकत. बँड फुटला.

ट्रंपेटवाला बस्त्याव अंकल, बाबांच्या वेळचा म्हातारा, म्हणाला, "विली, लग्न उद्या आहे बाबा, आज एवढी घाई कसली?"

सगळे पुन्हा हसले. माझं डोकं गेलं. मी तरातरा दादाकडे गेलो, आणि जवळ जाताच मला वास आला. लवंगेचा.

आमच्या बँडमध्ये लवंग म्हणजे काय ते पोराटोरांनाही माहीत आहे. दारूचे दोन घोट मारले की वास लपवायला लवंग. पण बाबा गेल्यावर दादाने चर्चमध्ये आल्तारासमोर शब्द दिला होता आणि त्यानंतर थेंब घेतला नव्हता. गावात त्याचं उदाहरण देत.

मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, हुंगलं आणि म्हणालो, "लवंग! पुन्हा सुरू केलीस ना?"

त्याने बोलायचा प्रयत्न केला. "विली, अरे दाढ..." शब्द जाड आले, जिभेवर अडखळत. मी सगळ्यांकडे बघितलं — ऐका, असं. त्याने क्लॅरिनेट सुटं केलं, पेटीत ठेवलं आणि वाडीच्या बाजूने निघून गेला. पाण्याची चाल त्या दिवशी बस्त्याव अंकलने ट्रंपेटवर ओढत नेली.

मला सगळ्यात जास्त खातं ते पुढचं. काठ्या पिशवीत ठेवताना माझ्या मनात आलं होतं की त्याचा गाल फुगला आणि लगेच विझला, असं सूर धरताना होत नाही. ते फडफडणं होतं. मला ते दिसलं होतं. पण लोक मला हसत होते, आणि ते हसणं त्याच्याकडे वळवायला लवंग मिळाली. शिवाय माझ्या स्कूटरच्या डिकीत तेव्हाही जबड्याच्या स्नायूंचा ताण मोजायचं मशीन पडलं होतं. ज्याच्या डिकीत मशीन, त्याने नाक वापरलं.

दादाने बँड सोडला. माझ्याशी बोलणं सोडलं. तो माझ्या मुलीचा, लिसाचा, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आहे. तिचं लग्न नाताळानंतर ठरलं तरी तो आमच्या घरी आला नाही. लिसा एकदाच म्हणाली, "पप्पा, पाणी वटारच्याच विहिरीवरून आणायचं आणि पास्कल काकाच वाजवणार. नाहीतर बँडच नको मला." माझी बायको रेजिना माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर उघडला.

आता अनुभव.

लिसाच्या लग्नाच्या आधीचे दिवस. दुपारची वेळ. विरारला एका दातांच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात मी नवीन मशीन दाखवायला गेलो होतो. काडेपेटीएवढी डबी. ती कॉलरला अडकवायची, तिच्यातून निघणाऱ्या चिकटपट्ट्या दोन्ही गालांवर, एक कानामागे. झोपेत किंवा जागेपणी दात आवळणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी. स्नायू ताणला की मोबाइलवर रेघ उसळते आणि मोबाइल थरथरतो. माणसाला कळतं की आपण आवळतोय, तो सोडतो. डावी रेघ निळी, उजवी लाल.

डेमो मी नेहमी स्वतःवरच देतो. गाल स्पिरिटने पुसले, पट्ट्या लावल्या. "हे बघा मॅडम, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला — रेघ सपाट." दात आवळले. दोन्ही रेघा उसळल्या. सोडले. निळी खाली बसली.

लाल बसली नाही.

"आवळताय तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. जबडा सोडलाय."

त्यांनी हातमोजा घातला आणि माझ्या उजव्या जबड्यावर दोन बोटं ठेवली. "खरंच मऊ आहे. लोण्यासारखा. तोंड उघडा बघू... तीन बोटं उभी घाला... जातात. जीभ दाखवा. कडेला दातांचे ठसे नाहीत. गालात आतून पांढरी रेघ नाही. तुम्ही आवळणाऱ्यातले नाहीच." मग स्क्रीनकडे बघून, "मग हे काय?"

लाल रेघ उसळत होती, विझत होती, उसळत होती. मोबाइल टेबलावर बेडकासारखा सरकत होता.

मी हसून म्हणालो, पट्टी सैल असेल. पट्टी बदलली. तेच. पंखा बंद केला, खुर्चीची मोटर बंद केली, माझा दुसरा मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायला दिला. तेच. डाव्या-उजव्या वायरी उलट जोडल्या. आता निळी उसळायला लागली, म्हणजे वायर चांगली आहे आणि येतंय ते माझ्या उजव्या गालावरूनच! वायरी परत सरळ केल्या. मॅडमची असिस्टंट कविता बघत होती. तिला म्हटलं, जरा बस. तिच्या गालांवर नवीन पट्ट्या लावल्या. दोन्ही रेघा सपाट. ती हसली की उसळायच्या, थांबली की सपाट. मशीन एकदम ओके. पुन्हा माझ्यावर लावलं...

धडधड. उजवीकडे.

"सर, तुम्ही मनात गाणं म्हणताय का?" कविता म्हणाली. "मोबाइल तालात वाजतोय."

मी डोळे मिटले आणि नुसता मोबाइलचा थरथराट ऐकला. मी ड्रमवाला माणूस. ठोके ऐकले की बोटं आपोआप हलतात. माझी बोटं मांडीवर चालायला लागली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळ अर्ध्यावर आली आणि मोबाइल थांबला. अर्धा ठोका. मग पुढे.

दादाची श्वासाची खाच!

मी ताडकन उठलो. मॅडमच्या ट्रेमधली हत्यारं खणखणली. "मॅडम, हे माझ्या भावाचं आहे!"

"काय भावाचं?"

"हा गाल!"

त्यांचा चेहरा अजून आठवतो. त्या मागे सरकल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "पाणी घ्या आधी."

मी पाणी घेतलं नाही, फोन लावला. दादाला नाही... त्याचा नंबर लावायची माझी हिंमत नव्हती. फिलू वहिनीला लावला.

"विली? आज कशी काय आठवण?"

"वहिनी, दादा कुठाय?"

"वाडीत. हल्ली दुपारचा तिथेच असतो, पंपाच्या खोलीकडे. का रे? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. वाजवतोय का तो?"

मग वहिनी म्हणाली, "कुठलं वाजवणं? तू त्याचा वास घेतलास त्या दिवसापासून या घरात एक सूर वाजला नाही. आत्ता मी ओट्यावरच बसलेय. पंपाची खोली इथून हाकेच्या अंतरावर. केळीची पानं हलतात तेवढाच आवाज."

आणि माझ्या हातात, कानाला लावलेला तोच मोबाइल, थरथरत होता.

मी निघालो. मॅडम मागून ओरडल्या, "अहो, पट्ट्या!" पण मला त्या काढायच्याच नव्हत्या. काढल्या आणि पुन्हा लागलं नाही तर? स्कूटरला किक मारली. दोन्ही गालांवर पट्ट्या, कॉलरला डबी, मोबाइल शर्टाच्या खिशात छातीवर. रस्त्याच्या खड्ड्यांत काय मशीनचं आणि काय रस्त्याचं, काही कळेना. वाटेत आगाशीच्या बाजारात बस आडवी आली, सगळं थांबलं. मी इंजिन बंद केलं. छातीवर काहीच नाही. सपाट. संपलं, भास होता सगळा, विली, तू म्हातारा झालास.

कडेला केळी विकणारी बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "दाढ काढली काय रे?" तिने विचारलं.

"नाही मावशी."

"मग तोंडाला काय लावलंय ते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात खिशात सुरू झालं. पहिल्या ओळीपासून! नव्याने! मी एवढ्या जोरात हसलो की मावशीने टोपली जवळ ओढली.

वटारला पोचलो. स्कूटर वाडीच्या तोंडाशी लावली आणि पाटाच्या कडेने चालत गेलो. पायाखाली ओली माती, छातीवर ठोके. दुसरी ओळ चालू होती. केळींच्या आडून पंपाची खोली दिसली, तिच्याबाहेरची पाण्याची टाकी दिसली, आणि टाकीच्या काठावर बसलेला दादा दिसला.

डोळे मिटलेले. क्लॅरिनेट तोंडात. बोटं भोकांवर चालतायत. आणि आवाज नाही. तो फुंकतच नव्हता. नुसता तोंडात धरून, जबडा आवळून, बोटांनी चाल वाजवत होता. त्याचा उजवा गाल उसळत होता, फडफडत होता. त्याचा गाल उसळला की माझा मोबाइल थरथरे. विझला की थांबे. मी केळीच्या बुंध्याला धरून उभा राहिलो. तिसरी ओळ आली. दादाने मध्येच मान वर करून श्वास घेतला. मोबाइल थांबला. त्याने मान खाली घातली. मोबाइल सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, कुठल्यातरी विहिरीवर वाजणारा बँड लांबून ऐकू आला असेल, मनात चाल बसली असेल. अहो, आवाजच नव्हता! जगात त्या क्षणी ती चाल कुठेच वाजत नव्हती. फक्त त्याच्या गालात आणि माझ्या गालावर.

"दादा!" मी ओरडलो.

तो दचकला. मला बघून उठला आणि क्लॅरिनेट पाठीमागे लपवलं, लहान मुलासारखं. मग माझ्या तोंडाकडे त्याचं लक्ष गेलं. "तुझ्या गालांना काय झालं?"

एक वर्ष मला त्याच्याकडून शब्द मिळाला नव्हता, आणि पहिला शब्द मिळाला तो माझ्या गालांच्या काळजीचा.

"माझ्या नाही, तुझ्या गालाला काय झालंय ते सांग!" मी म्हणालो. काय बोलतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. मी माझ्या गालांवरच्या वायरी सोडवल्या, खिशातल्या नव्या पट्ट्या काढल्या आणि त्याला टाकीच्या काठावर बसवलं. तो बसला. का बसला, देव जाणे. बहुतेक मी वेडा झालोय असं वाटून. त्याच्या दाढीच्या खुंटांवर पट्ट्या चिकटेनात, त्याच्याच लुंगीच्या टोकाने गाल पुसला. "आता पुन्हा वाजव. तसाच, न फुंकता."

त्याने वाजवलं. निळी रेघ जराशी हलत होती, लाल मात्र उसळत होती. तीच उंची. तीच खाच. मग मी म्हणालो, "आता सोड. ओठ मिटलेले, दात सुटे." निळी बसली. लाल थांबून थांबून फडफडत राहिली — दवाखान्यात माझ्या गालावर दिसली होती तश्शी.

मग त्याने सांगितलं. खालच्या उजव्या दाढेवर टोपी बसवून घेतली होती, तेव्हापासून चावा नीट बसत नव्हता. जबडा सकाळी लाकडासारखा व्हायचा, गाल आपोआप उडायचा, बोलताना जीभ जड. वहिनीने लवंग धरायला सांगितली. "विहिरीवर लवंगच होती, विली," तो म्हणाला. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. "मी म्हणत होतो दाढ, दाढ. तू ऐकलं नाहीस."

"आणि हे? न फुंकता?"

"लिसा येऊन गेली. म्हणाली, काका, तुमच्या चालीशिवाय मी पाणी घेणार नाही." तो क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी बोटाने पुसत राहिला. "फुंकलं की चिरकतं. लोक म्हणतील, बघा, घेऊन बसलाय. म्हणून नुसती बोटं ठेवतो चालू. गाल सुधारला तर वाजवीन, नाही सुधारला तर कोणाला कळायचं नाही."

इथे मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मी एवढा पेटलो होतो... मशीन, रेघ, खाच, उद्याच मॅडमकडे चल, मी आणतो गाडी! माझा उत्साह खरा होता, पण त्याच्या आडोशाला मी लपलो होतो, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी त्याला मॅडमकडे नेलं. त्यांनी तीन बोटं घालायला सांगितली, दोनच गेली. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, झालरीसारखे. जबड्यावर बोट दाबलं तर खुर्चीतून उठला. "टोपी उंच आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही दिवसभर आवळताय. दुखतं म्हणून आवळता, आवळता म्हणून दुखतं." तरी गाल उडतो म्हणून त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सगळं ठीक निघालं. टोपी घासली, रात्री दातांवर चढवायचा साचा दिला, जबडा चोळायला शिकवलं, आणि मशीन काही दिवस त्याच्याकडेच ठेवलं. तो वाडीत काम करताना लावायचा. खिशात थरथरलं की कुदळ थांबवून जबडा सोडायचा. वहिनी सांगायची, "आता हा माझं ऐकत नाही, खिशाचं ऐकतो." बस्त्याव अंकलने त्याला बघितलं तर म्हणे, "काय रे पास्कल, गाल चार्जिंगला लावलास?"

हळूहळू लाल रेघ निळीसारखी दिसायला लागली.

आता तुम्ही विचाराल, रेकॉर्डिंग कुठाय? नाही. डेमोत मशीन फक्त चालू रेघ दाखवतं, साठवत नाही. मॅडम आणि कविता साक्षीला आहेत, पण त्यांनी फक्त माझी रेघ बघितली. वाडीत मी एकटा होतो. मॅडमचं म्हणणं, मनात अपराध असेल, मनात चाल चालू असेल आणि गाल नकळत हलला असेल. मग त्यांच्या बोटांना तो मऊ कसा लागला? यावर त्या म्हणतात, "तेच तर." मी मशीनच्या कंपनीतल्या तज्ज्ञ मंडळींना फोन करून विचारलं, ते पट्टी सैल असेल म्हणतात. नंतर मी कितीतरी वेळा पट्ट्या लावून बसलो, दादाला समोर बसवून, लांब पाठवून, वाजवायला लावून. सपाट. कायम सपाट. त्या एका दुपारी माझ्या गालावर दादाचा गाल कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा. अर्थिंग सोडून.

लग्नाच्या आधी चर्चमध्ये कन्फेशनला, पाप कबूल करायला गेलो. फादरना सगळं सांगितलं, हेही सांगितलं की भाऊ आता बोलतो, जेवायला येतो, तेव्हा माफी मागायची तशी गरज उरलेली नाही. फादर म्हणाले, "विल्सन, तू हुंगलंस ते कुणाचं तोंड? देवाचं की भावाचं? आणि कुठे उभा राहून?"

पाणी आणायचा दिवस आला. तीच विहीर. बायका घागरी घेऊन उभ्या, लिसा पिवळ्या साडीत, बँड पूर्ण. दादाने पेटी उघडली तेव्हा कुजबुज झाली. घागर विहिरीत गेली. मी काठ्या उचलल्या. आणि दादाच्या उजव्या गालाकडे बघताना मला कळलं की आत्ता नाही तर कधीच नाही, कारण चाल चांगली वाजली की सगळे विसरतील, आणि सगळे विसरले की तो एकटाच आठवत राहील.

मी काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. "थांबा. घागर वर घेऊ नका."

"आता काय?" बस्त्याव अंकल म्हणाला. "पुन्हा हुंगणार?"

कोणी हसलं नाही. मी दादासमोर जाऊन उभा राहिलो, जिथे तेव्हा उभा होतो तिथेच.

"गेल्या वर्षी इथे पास्कल दादा प्यायला नव्हता," मी म्हणालो. आवाज फुटत होता, म्हणून ओरडूनच बोललो. "त्याच्या तोंडात लवंग होती, दाढ दुखत होती म्हणून. त्याने आल्तारासमोर दिलेला शब्द मोडलेला नाही, एक दिवसही नाही. रोल चुकला तो माझा. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही मला हसलात ते मला सहन झालं नाही, म्हणून मी त्याला तुमच्यासमोर पाडलं. दादा, मी तुझ्या तोंडाचा वास घेतला, मला माफ कर. वाडीत मागायला हवी होती ती माफी, तिथे घाबरलो, म्हणून आज इथे मागतो — सगळ्यांच्या देखत, जशी चूक केली तशीच."